भूगोलाचे गुण कुठे अडकतात? दहावीच्या मुलांसाठी, नाशिकची उदाहरणं घेऊन

दहावीचा भूगोलाचा पेपर ४० गुणांचा, वेळ दोन तास. बहुतेक घरांत त्याचा अभ्यास जानेवारी संपत आल्यावर सुरू होतो, कारण "भूगोल काय, वाचला की झालं." मी नाशिकरोडला शाळकरी मुलांची शिकवणी घेतो. सराव परीक्षेचे पेपर तपासताना दरवर्षी तेच दिसतं: गुण कमी पडलेल्यांपैकी बरीच मुलं धडा नीट वाचून आलेली असतात. काहींना तर परिच्छेदच्या परिच्छेद पाठ असतात. तरीही गुण सव्वीस-अठ्ठावीसच्या पुढे सरकत नाहीत, कारण भूगोल त्यांनी गोष्टीच्या पुस्तकासारखा, ओळीमागून ओळ वाचलेला असतो.

हा विषय दोनच प्रश्न विचारतो. एखादी गोष्ट कुठे आहे, आणि ती तिथेच का आहे. 'कुठे'चं उत्तर नकाशा काढून काढून बसतं. 'का'चं उत्तर कारणं एकमेकांना जोडून मिळतं. धडा दहा वेळा वाचून यातलं काहीच होत नाही. आणि 'का' शिकायला नाशिक जिल्ह्यासारखी जागा महाराष्ट्रात शोधून सापडायची नाही. त्याकडे येतोच, आधी पेपर कसा असतो ते पाहू.

गुणांचा हिशोब

अलीकडच्या वर्षांत बोर्डाच्या पेपरचा साचा साधारण असा राहिला आहे. योग्य पर्याय निवडा, जोड्या लावा आणि एका वाक्यात उत्तरं, हे प्रत्येकी ४ असे १२ गुण. मग नकाशाचे ८: चार गुण आराखड्यात ठिकाणं दाखवायचे, चार दिलेला नकाशा वाचून उत्तरं लिहायचे. भौगोलिक कारणांना ६, आलेखाला ६ आणि सविस्तर उत्तरांना ८. तुमच्या वर्षी यात बदल झालेला नाही ना, हे शाळेत एकदा विचारून घ्या. अभ्यासक्रम आणि आराखडे बदलत असतात.

आता बेरीज करा. नकाशा आणि आलेख मिळून १४. कारणं आणि सविस्तर उत्तरं मिळून आणखी १४. म्हणजे ४० पैकी २८ गुण असे आहेत की जिथे नुसतं पाठांतर पुरत नाही. आणि मुलांचा सगळा वेळ जातो उरलेल्या १२ गुणांवर! गाईडमधल्या रिकाम्या जागा भरणं आणि जोड्या पाठ करणं सोपं वाटतं, अभ्यास झाल्यासारखंही वाटतं, म्हणून तेच होत राहतं.

दुसरी गंमत अशी की नकाशा आणि आलेखाचे गुण पूर्ण मिळू शकतात. सविस्तर उत्तराला चारपैकी चार देताना तपासणारा जरा थबकतो. पण चिल्का सरोवर योग्य जागी दाखवलं असेल तर त्याला गुण कापायला कारणच नसतं.

इगतपुरीत धो धो, येवल्यात टँकर

'भौगोलिक कारणे द्या' हा प्रश्न मुलांना सगळ्यात अवघड जातो. म्हणून तिथे जास्त थांबू.

कसाऱ्याचा घाट चढून रेल्वे इगतपुरीला येते. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून नाशिक शहर पन्नास किलोमीटरच्या आत, आणि शहरातला सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास. आणखी पूर्वेला सिन्नर, चांदवड, येवल्याकडे गेलात की तो आणखी घटतो. भर उन्हाळ्यात तिकडच्या वाड्यावस्त्यांवर टँकर फिरताना दिसतात. एकाच जिल्ह्यात, बसने दोन-तीन तासांच्या अंतरात, एवढा फरक का?

कारण एकावर एक रचत जाऊ. नैऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात. कोकण ओलांडलं की समोर सह्याद्री आडवा येतो. पुढे जायला वाट नाही, म्हणून हवा डोंगराच्या उतारावरून वर चढते. वर गेलेली हवा थंड होते. थंड हवेत बाष्प धरून ठेवण्याची ताकद कमी, म्हणून बाष्पाचं सांद्रीभवन होतं, ढग तयार होतात आणि वाऱ्याकडच्या बाजूला आणि माथ्यावर जोरदार पाऊस पडतो. हा प्रतिरोध पर्जन्य. घाटमाथा ओलांडून पूर्वेला उतरणाऱ्या हवेत बाष्प कमी उरलेलं असतं, शिवाय उतरताना ती तापते. तापलेली हवा बाष्प सोडत नाही. म्हणून पूर्वेकडचा भाग पर्जन्यछायेत राहतो.

या साखळीत सहा-सात कड्या आहेत आणि प्रत्येक कडी आधीच्या कडीतून निघते. तीन गुणांच्या कारणाला साधारण तीन नेमके मुद्दे पुरतात, पण ते असे एकमेकांत अडकलेले हवेत. 'म्हणून', 'त्यामुळे', 'परिणामी' हे शब्द तुमच्या उत्तरात नसतील तर बहुधा तुम्ही कारण दिलेलं नाही, फक्त माहिती दिली आहे.

आता हीच साखळी घेऊन ब्राझीलला जा. दहावीचं पुस्तक भारत आणि ब्राझील यांची तुलना करतं. ब्राझीलच्या ईशान्येला पाऊस कमी का, हा प्रश्न हमखास येणारा. तिथे वारे अटलांटिक महासागरावरून येतात, आग्नेयेकडचे व्यापारी वारे. किनाऱ्याला लागून अजस्र कडा उभा आहे. सह्याद्रीचं काम तिथे तो करतो: वाऱ्याकडच्या बाजूला, म्हणजे किनाऱ्यावर, पाऊस पडतो आणि कड्याच्या पलीकडचा आतला भाग कोरडा राहतो. नावं बदलली, दिशा बदलली. आपल्याकडे वारे पश्चिमेकडून येतात म्हणून पूर्वेची बाजू कोरडी. तिकडे ते पूर्वेकडून येतात म्हणून पश्चिमेची. पण कारण तेच. ज्या मुलाला सिन्नरचा उन्हाळा कळला, त्याला हे उत्तर पाठ करावं लागत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. पर्जन्यछाया कळली की मुलं ती सगळीकडे चिकटवतात. थरचं वाळवंट कोरडं का, तर "अरवलीच्या पर्जन्यछायेत आहे म्हणून" असं लिहून मोकळी होतात. अरवली पर्वत नैऋत्य-ईशान्य असा पसरलेला आहे, म्हणजे अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांच्या दिशेला जवळजवळ समांतर. वारे त्याला अडतच नाहीत, बाजूने निघून जातात. अडवलं नाही, म्हणून हवा वर चढली नाही, म्हणून पाऊस नाही. कारणाची साखळी वापरण्याआधी नकाशावर डोंगराची दिशा आणि वाऱ्याची दिशा बघायची सवय लावा. उत्तर बरोबर की चूक, ते तिथेच ठरतं.

नद्यांचंही तसंच आहे. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी अरबी समुद्रापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर जन्मते. तरी ती तिकडे न जाता पूर्वेकडे १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. कारण सह्याद्री इथे जलविभाजक, म्हणजे दोन बाजूंचं पाणी वेगळं करणारा उंचवटा आहे आणि दख्खनच्या पठाराचा उतार पूर्वेकडे आहे. त्याच त्र्यंबकच्या परिसरात उगम पावणारी वैतरणा मात्र पश्चिमेकडे उतरून अरबी समुद्राला मिळते. उत्तरेला कळवण, सटाणा, मालेगावकडचं पाणी गिरणा नदीतून तापीला आणि तापीतून पुन्हा अरबी समुद्राला. मधे सातमाळ्याची रांग उभी आहे, तिने गोदेचं आणि गिरणेचं खोरं वेगळं केलं. एका जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन वेगवेगळ्या समुद्रांना जाऊन मिळतो. जिल्ह्याच्या कोऱ्या नकाशावर या तीन नद्या, सह्याद्री आणि सातमाळा एकदा स्वतः काढा. 'नदीप्रणाली' आणि 'जलविभाजक' हे शब्द मग व्याख्येसाठी घोकावे लागणार नाहीत.

इथूनच पुढचा प्रश्न सुटतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर नद्यांच्या मुखाशी त्रिभुज प्रदेश, म्हणजे गाळ साचून तयार झालेली सपाट जमीन, का नाहीत? वैतरणेसारख्या नद्या आखूड, उतार तीव्र, वेग जास्त. गाळ साचायला सवडच मिळत नाही. गोदावरी मात्र लांबचा प्रवास करून, सपाट किनाऱ्यावर मंदावून समुद्राला मिळते, म्हणून आंध्रात तिचा मोठा त्रिभुज प्रदेश आहे. ॲमेझॉन तर जगातली पाण्याने सगळ्यात मोठी नदी. तरी तिच्या मुखाशी तसा त्रिभुज प्रदेश आढळत नाही, कारण तिथे पाण्याचा प्रचंड लोंढा आणि त्याचा वेग गाळाला किनाऱ्याशी थांबू देत नाही. नदी लांब असली की त्रिभुज प्रदेश असतोच असं मानणारी मुलं इथे चुकतात. पाहायचं असतं ते मुखाशी गाळ थांबतो की नाही एवढंच.

एकच प्रश्न, वेगळे गुण

प्रश्न: मॅनॉस शहराच्या तापमान कक्षेत फारसा फरक आढळत नाही. कारण द्या. (तापमान कक्षा म्हणजे कमाल आणि किमान तापमानातला फरक.)

एक उत्तर असं येतं: "मॅनॉस हे ब्राझीलमधील महत्त्वाचे शहर आहे. ते ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात आहे. तिथे घनदाट जंगले असून भरपूर पाऊस पडतो. त्यामुळे मॅनॉसच्या तापमान कक्षेत फारसा फरक आढळत नाही." एकही वाक्य खोटं नाही. पण पहिली तीन वाक्यं आणि चौथं वाक्य यांच्यात दुवाच नाही. शेवटी प्रश्नच पुन्हा लिहिला आहे. तपासणारा याला उदार मनाने एक गुण देईल.

दुसरं उत्तर: "मॅनॉस विषुववृत्ताजवळ, सुमारे ३° दक्षिण अक्षांशावर आहे. त्यामुळे तिथे वर्षभर सूर्यकिरणे जवळजवळ लंबरूप पडतात आणि दिवस-रात्रीच्या लांबीत फारसा फरक पडत नाही. परिणामी वर्षभर मिळणारी उष्णता जवळपास सारखी राहते. हवेतील भरपूर बाष्प आणि ढग यांमुळेही तापमानातील चढउतार कमी होतात." शब्द दहा-बाराच जास्त, पण हे उत्तर स्थानापासून सुरू झालं आणि परिणामापर्यंत पोचलं.

याची उलट बाजू आपल्या निफाडला आहे. थंडीत निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली उतरला की बातमी होते आणि द्राक्ष बागाईतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. समुद्र लांब, आभाळ निरभ्र, हवा कोरडी, त्यामुळे दिवसा साठलेली उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते. मुंबई तिथून फार लांब नाही, पण तिथे समुद्र तापमान सांभाळतो. 'सम हवामान' आणि 'विषम हवामान' यांतला फरक विचारला तर निफाड आणि मुंबई ही जोडी डोळ्यांसमोर आणा. मात्र उत्तरात पुस्तकातली उदाहरणंही द्या, तपासणाऱ्याच्या हातात पुस्तकाच्या आधारे केलेली नमुना उत्तरं असतात.

नकाशा: रोज दहा मिनिटं, पुस्तक बंद

भारताचा आणि ब्राझीलचा छापील कोरा आराखडा पुस्तकांच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतो. त्याचा गठ्ठाच आणा. पद्धत सोपी. पुस्तकातला नकाशा दोन मिनिटं नीट बघा, पुस्तक मिटा, आठवेल ते कोऱ्या आराखड्यावर काढा. मग पुस्तक उघडून चुका लाल पेन्सिलने दुरुस्त करा. दुसऱ्या दिवशी आधी लाल झालेलीच ठिकाणं पुन्हा काढा.

पुस्तक उघडं ठेवून बघून नकाशा भरला तर तो सुंदर होतो, पण लक्षात राहत नाही. याला संशोधनाचाही आधार आहे. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्यानंतर घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. "काल रात्री सगळं येत होतं, पेपरात गेलं" ही तक्रार यातूनच येते. काल रात्रीचा आत्मविश्वास वाचनाचा होता. आठवायचा प्रसंग पहिल्यांदा आला तो थेट परीक्षेत.

आराखड्यावर आधी काही पक्क्या खुणा बसवा आणि बाकी सगळं त्यांच्या आधाराने टाका. भारतासाठी दोन रेषा पुरेत: २३°३०' उत्तर, म्हणजे कर्कवृत्त, आणि ८२°३०' पूर्व, म्हणजे प्रमाण वेळेचं रेखावृत्त. कर्कवृत्त गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड, झारखंड, पश्चिम बंगाल, त्रिपुरा आणि मिझोराम या आठ राज्यांतून जातं. काही मुलं ते महाराष्ट्रातून ओढतात. सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. नाशिक २०° उत्तर अक्षांशावर आहे. एका अक्षांशाला साधारण १११ किलोमीटर धरले, तर कर्कवृत्त आपल्यापासून पावणेचारशे-चारशे किलोमीटर उत्तरेला, भोपाळच्या किंचित वरून गेलेलं दिसेल. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याचा पुरावा हवा असेल तर मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी साडेबारानंतर अंगणात एक सरळ काठी उभी करून बघा. सूर्य डोक्यावर येतो आणि काठीची सावली जवळजवळ नाहीशी होते. दिल्लीत हे कधीच दिसणार नाही. (जुलैच्या शेवटीही सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा आपल्याकडे आभाळ उघडं असेल तर नशीब.)

बाकी ठिकाणं शेजाऱ्यांवरून बसवा. चिल्का ओडिशाच्या किनाऱ्यावर, महानदीच्या मुखाच्या थोडं खाली. लक्षद्वीप केरळच्या पश्चिमेला. मन्नारचं आखात तमिळनाडू आणि श्रीलंका यांच्यामध्ये. आणि भरताना खुणा गोष्टीला शोभतील अशा वापरा: शहराला ठिपका, नदीला रेघ, वाळवंटाला किंवा प्रदेशाला छटा. सोबत सूची. ब्रह्मपुत्रेसाठी आसामात एक ठिपका देऊन बाजूला नाव लिहिलेलं मी पाहिलं आहे, त्याला गुण द्यायचे कसे?

ज्यांना मोबाईलवर वेळ घालवायचाच आहे त्यांनी इस्रोचं 'भुवन' उघडून गंगापूर धरणापासून नांदूर मध्यमेश्वरपर्यंत गोदावरीच्या काठाकाठाने फिरावं. वरून बघितलं की खोरं म्हणजे काय ते व्याख्येशिवाय कळतं. बालभारतीची पुस्तकंही संकेतस्थळावर मोफत मिळतात, त्यातले नकाशे मोठे करून बघता येतात.

आलेखात प्रमाण चुकलं की सगळं चुकलं

नाशिक शहराची लोकसंख्या जनगणनेनुसार १९९१ मध्ये सुमारे ६.५७ लाख, २००१ मध्ये १०.७७ लाख आणि २०११ मध्ये १४.८६ लाख होती. याचा स्तंभालेख काढून बघा. सर्वांत मोठा आकडा १५ लाखांच्या जवळ, म्हणून 'य' अक्षावर १ सेंटीमीटर = २ लाख घेतलं तर सगळ्यात उंच स्तंभ साडेसात सेंटीमीटरच्या आत बसतो. कागदावर मोकळी जागाही राहते. १ सेंटीमीटर = १ लाख घेतलं तर पंधरा सेंटीमीटरचा मनोरा होईल. प्रमाण ठरवायला आधी अर्धा मिनिट द्या, मग पट्टी उचला. शीर्षक, दोन्ही अक्षांची नावं, प्रमाण, आणि जोडस्तंभालेख असेल तर सूची, हे सगळं लिहिलं की आलेखाचे गुण खिशात.

पण खाली प्रश्नही असतात, आणि तिथे वाचन लागतं. याच आकड्यांवर विचारलं, "कोणत्या दशकात वाढ जास्त?" १९९१ ते २००१ मध्ये ४.२० लाख लोक वाढले, पुढच्या दशकात ४.०९ लाख. जवळपास सारखेच. पण टक्केवारीत पाहिलं तर पहिल्या दशकातली वाढ सुमारे ६४ टक्के, दुसऱ्यातली सुमारे ३८. लोक तेवढेच वाढले तरी वाढीचा वेग मंदावला. प्रश्नात 'वाढ' विचारली आहे की 'वाढीचा दर', हा एक शब्द नीट वाचला नाही तर बरोबर आलेख काढूनही उत्तर चुकतं.

हवामानाच्या आलेखात आणखी एक जागा फसवते. ब्राझीलचा बहुतांश भाग दक्षिण गोलार्धात आहे. पोर्तो अलेग्रेचं तापमान जून-जुलैमध्ये सगळ्यात कमी दिसलं की मुलांना वाटतं, आलेख चुकीचा छापला. आपल्याकडे पावसाळा सुरू होतो तेव्हा तिकडे हिवाळा असतो.

वेळेची गणितं

ही एकदा कळली की आयुष्यभर चुकत नाहीत. पृथ्वी एक अंश फिरायला ४ मिनिटं घेते. भारताची प्रमाण वेळ ८२°३०' पूर्व रेखावृत्तावरची. नाशिक सुमारे ७३°४८' पूर्वेला. फरक ८°४२', म्हणजे साधारण ३५ मिनिटं. म्हणून नाशिकमध्ये सूर्य सर्वांत उंच येतो तेव्हा घड्याळात साडेबारा वाजून गेलेले असतात. वर काठी साडेबारानंतर बघा म्हटलं ते यामुळे. नेमकी मिनिटं वर्षभरात थोडी मागेपुढे होतात.

ब्राझीलची प्रमाण वेळ ४५° पश्चिमेवरची धरतात. एक ठिकाण पूर्वेला, दुसरं पश्चिमेला, म्हणून अंश मिळवायचे: ८२.५ अधिक ४५, म्हणजे १२७.५ अंश. गुणिले ४, म्हणजे ५१० मिनिटं, साडेआठ तास. पूर्वेचं ठिकाण पुढे. नाशिकला सोमवारी सकाळचे ६ वाजले तर ब्राझिलियात रविवारी रात्रीचे साडेनऊ. वार बदलतो, हे लिहायला विसरू नका. ब्राझीलचं पश्चिम टोकही साधारण ७३°४८' वरच आहे, फक्त ते पश्चिम रेखांशावर. तिथला आणि नाशिकमधला सूर्याप्रमाणे वेळेचा फरक किती येईल, करून बघा. (९ तास ५० मिनिटांच्या जवळ यायला हवा.)

उरलेले धडे

क्षेत्रभेट, वस्ती, अर्थव्यवस्था यांना फार घाबरायचं कारण नाही. इथे नाशिकच्या मुलांना उदाहरणं शोधायला बाहेर जावं लागत नाही. सुरगाणा-पेठकडे डोंगरात विखुरलेले पाडे, गोदाकाठच्या सपाट काळ्या जमिनीवर दाट वस्तीची गावं आणि शेतात मळ्यांतली घरं. द्राक्ष पिकवणं प्राथमिक व्यवसाय, त्याचा बेदाणा किंवा वाइन करणं द्वितीयक, आणि तो माल न्हावाशेवाच्या बंदरापर्यंत पोचवणं तृतीयक. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव चालू असतो तिथे उभं राहिलं तर तृतीयक व्यवसाय म्हणजे काय ते दहा मिनिटांत कळतं. क्षेत्रभेटीच्या धड्यावर प्रश्नावली तयार करायला सांगतात. सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या कारखान्यात गेलात तर काय विचाराल, एवढा विचार करा: कच्चा माल कुठून येतो, पाणी किती लागतं आणि सांडपाण्याचं काय होतं, कामगार कुठून येतात, तयार माल कुठे जातो. झाली प्रश्नावली.

लोकसंख्येच्या धड्यात 'वितरण' (लोक कुठे, कसे पसरले आहेत) आणि 'घनता' (दर चौरस किलोमीटरला किती लोक) यांची गल्लत होते, तेवढी सांभाळा. बाकी तो धडा आकड्यांचा आहे, एका संध्याकाळी होतो.

दोन तास

पेपर हातात आल्यावर आधी आलेखाचा आणि नकाशाचा प्रश्न वाचून ठेवा. पहिल्या १२ गुणांना वीस मिनिटं पुरतात. पर्यायाचा प्रश्न अडला तर तिथे रेंगाळू नका. कारणांना वीस, सविस्तर उत्तरांना पंचवीस, आलेखाला पंचवीस आणि नकाशाला वीस मिनिटं धरली तरी दहा हाताशी राहतात. काही मुलं आलेख शेवटी ठेवतात आणि घाईत रेघा वाकड्या येतात, म्हणून मी तो मध्यावर सोडवायला सांगतो. सविस्तर उत्तर एकसलग लिहू नका, चार गुणांना चार मुद्दे वेगवेगळे दिसले पाहिजेत. जिथे शक्य तिथे छोटी आकृती काढा. प्रतिरोध पर्जन्याची आकृती दोन मिनिटांत होते आणि अर्धं उत्तर तीच सांगते.

'कोणतेही दोन' लिहिलेलं असताना तिन्ही सोडवत बसू नका. आणि नकाशाचा आराखडा व आलेख कागद वेगळे मिळतात, ते पुरवणीला जोडून बांधल्याशिवाय उत्तरपत्रिका पर्यवेक्षकांच्या हातात देऊ नका.